निळे फाटक आणि स्थानपोथी

ज्यांच्याकडे आम्ही एम.ए.ला मध्ययुगीन मराठी गद्य शिकलो, ते सर काही वर्षांपासून जुळे सोलापुरात मुलाकडे राहतात. त्याआधीची बहुतेक हयात बाळीवेशीत गेली. स्मृतिभ्रंशाचे निदान झाल्यावरही ते रोज संध्याकाळी एकटे फिरायला जात आणि वेळेवर परतत. मग दिवाळीच्या तोंडावर घराला रंग दिला, निळे फाटक तपकिरी झाले आणि तिसऱ्या दिवशी सर आपल्याच घरासमोरून दोनदा पुढे निघून गेले. रात्री साडेनऊच्या सुमारास ते विजापूर रस्त्यावर, सैफुलजवळ सापडले. तेव्हापासून त्या फाटकाला आतून कुलूप असते.

मुलाला दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. त्या रात्रीचे चार तास त्याने काढले आहेत, आम्ही नाही. पण उभा जन्म पायी चाललेल्या माणसाचे चालणे एका रंगाच्या डब्यामुळे थांबावे, ही गोष्ट मनातून जात नाही. ती एका घरापुरतीही नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या दर शंभरांत सातांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश आहे; एकूण संख्या सुमारे 88 लाख. निवृत्तांनी हौसेने घरे बांधलेल्या आपल्या वसाहतींत अशी किती कुलपे असतील याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

वसाहतीच्या बैठकीत विषय काढला तेव्हा पहिली सूचना अपेक्षितच आली : मोठ्या अक्षरांत फलक लावू. आम्ही भाषेचे अध्यापक. अक्षरांवर आमचाही भरवसा. म्हणून सरांना एका फलकापाशी नेले. त्यांनी तो स्वच्छ वाचला, वर एका शब्दातली ऱ्हस्व-दीर्घाची चूकही दाखवली. मात्र बाण कुठे न्यायचे सांगतो आहे, हे त्यांना उमगले नाही. वाचन शाबूत राहते, पण 'मी इथे आहे आणि घर तिथे' हा मनातला नकाशा आधी विरतो. हा नकाशा मेंदूच्या ज्या भागांत घडतो, त्यांच्यावरील संशोधनाला 2014 साली नोबेल मिळाले, आणि अल्झायमरचा आघात बहुधा आधी त्याच भागांवर होतो. एलिझाबेथ बर्टन आणि लिन मिचेल यांनी इंग्लंडमध्ये स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांबरोबर प्रत्यक्ष रस्त्यांवरून चालून अभ्यास केला आणि 2006 साली त्यावर पुस्तक लिहिले. ही माणसे नकाशापेक्षा आणि फलकापेक्षा खुणांच्या आधाराने वाट काढतात, हे त्यांना दिसले : एखादा मनोरा, टपालपेटी, वेगळ्या ढंगाची इमारत. एकसारख्या घरांच्या एकसारख्या रांगांत ती गोंधळतात.

जुळे सोलापूर म्हणजे नेमके हेच नव्हे काय? आखीव प्लॉट, काटकोनातले रस्ते, एकाच उंचीची कुंपणे, आणि नावे पाहावीत तर हे नगर, ते नगर, भाग एक, भाग दोन. येथला पत्ता हा क्रमांक असतो. जुन्या पेठांतला पत्ता हे कथन असे : वेशीतून आत या, मारुती डावीकडे ठेवा, अमक्याचे दुकान लागेल, त्याला विचारा. शेवटची पायरी 'विचारा' ही असे, हे विसरू नये.

इथे आम्हांला सरांचाच तास आठवतो. 'स्थानपोथी' हा चौदाव्या शतकातला महानुभाव ग्रंथ आम्हांला तेव्हा रुक्ष वाटे. चक्रधरस्वामी कुठे बसले, कुठे वसतीला राहिले, त्या स्थानांची नुसती जंत्री. गाव, देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेला, तेथून पुढे कुठे. सर म्हणत, ही विसरण्याविरुद्ध लिहिलेली पोथी आहे. स्वामी गेल्यावर शिष्यांजवळ जागाच उरल्या होत्या. केविन लिंच या अमेरिकी नगररचनाकाराने 1960 साली, माणसे शहर मनात कसे धरून ठेवतात हे मांडताना खुणा आणि वाटा यांचाच आधार घेतला. आम्ही लिंच फार उशिरा वाचला, आणि वाचताना आठवली ती पोथीच.

खुणेला लिपी लागत नाही. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या सोलापुरात हे महत्त्वाचे, कारण या आजारात पुष्कळदा मागाहून शिकलेली भाषा आधी निसटते आणि घरातली टिकते. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' (2013) या चित्रपटातले संस्कृत पंडित हत्तीमागे चालत हरवतात आणि त्यांना सांभाळते ती माहुताची कन्नड बोलणारी बायको. ती फलक नव्हे, पण खूण म्हणून तीच खरी उपयोगी पडते. कोपऱ्यावरचा किराणावाला, औषध दुकानदार, इस्त्रीवाला यांना कुटुंबाने आजार मोकळेपणी सांगितला, तर निम्मे काम होईल. पण आपण तो लपवतो. (मनगटी घड्याळातला जीपीएस हरवलेला माणूस शोधून देतो, हरवू नये यासाठी तो काही करत नाही.)

खूण जुनी होऊ देणे हे खूण उभारण्याहून अवघड आहे. होटगी रस्त्यालगतची सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 रोजी विमानसेवेसाठी पाडली गेली. त्या वादात आम्ही शिरत नाही. पण कित्येकांची 'तिकडे दक्षिण' त्या दिवशी नाहीशी झाली, एवढे मात्र खरे. आमची मागणी लहान आहे. प्रत्येक वळणावर एकच वेगळी वस्तू असावी. पाठ टेकता येईल असा बाक, पार बांधलेला लिंब, रंगीत हातपंप, काहीही. मात्र ती हलवू नये, आणि दुसऱ्या वळणावर तशीच बसवू नये. सुशोभीकरणाच्या ओघात सारे चौक सारखेच होतात, ही आमची खरी भीती.

सरांचे फाटक पुन्हा निळे झाले आहे. छटा तिसऱ्या खेपेला जुळली. डब्यावरचा क्रमांक आम्ही लिहून ठेवला आहे. कुलूप अजून आहे. रविवारी आम्ही दोघे त्यांच्या चार पावले मागून चालतो आणि वाट सांगत नाही. गेल्या खेपेस पिठाच्या गिरणीपाशी ते थांबले आणि उजवीकडे वळले. गिरणी बंद होती, पिठाचा वास तेवढा होता.