किमयेचा जमाखर्च

पाणी ३५ लिटर, कार्बन २० किलो, अमोनिया ४ लिटर, चुना दीड किलो, स्फुरद ८०० ग्रॅम, मीठ २५० ग्रॅम, सोरा १०० ग्रॅम, गंधक ८० ग्रॅम, फ्लोरीन साडेसात ग्रॅम, लोह ५ ग्रॅम, सिलिकॉन ३ ग्रॅम आणि आणखी १५ मूलद्रव्ये चिमूटचिमूट. घाऊक रसायनविक्रेत्याकडे पाठवावयाच्या मागणीपत्रासारखी दिसणारी ही यादी म्हणजे एका प्रौढ माणसाच्या शरीराचा मालवार तपशील आहे. तो तोंडपाठ म्हणून दाखवितो एडवर्ड एल्रिक हा पंधरा वर्षांचा मुलगा. समोर एक तरुणी आहे. तिचा वाग्दत्त वर मरण पावला आहे आणि गावातील एका भोंदू गुरूने त्याला परत आणून देण्याचे वचन तिला दिले आहे. एडवर्ड तिला सांगतो की, हा सगळा माल बाजारात एखाद्या मुलाच्या खाऊच्या पैशांतही मिळेल, तरीही त्यातून माणूस उभा राहत नाही. हे त्याचे ऐकीव ज्ञान नव्हे. त्याने तो व्यवहार स्वतः करून पाहिला आहे.

‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ही जपानी चित्रकथा हिरोमू आराकावा यांनी २००१ ते २०१० अशी नऊ वर्षे चालविली. या लेखिका होक्काइदो बेटावरील एका दुग्धव्यावसायिक शेतकरी कुटुंबात वाढल्या. जितका चारा तितके दूध, हा हिशेब त्यांनी लहानपणीच पाहिलेला असणार. चित्रकथेवर दूरचित्रवाणीसाठी दोन मालिका झाल्या. पहिली २००३ ची, ५१ भागांची. दुसरी ‘ब्रदरहूड’ या नावाची, २००९-१० मधील, ६४ भागांची आणि मूळ कथेला अधिक धरून असलेली. या जगात किमया ही शिकण्याची विद्या आहे. वस्तू कशाची बनली ते ओळखावे, ती मोडावी आणि नव्याने घडवावी, अशा तिच्या तीन पायऱ्या आहेत. सर्वांवर नियम मात्र एकच: जे मिळवावयाचे, त्याच्या तोलाचे काही द्यावेच लागते.

एडवर्ड अकरा वर्षांचा आणि अल्फोन्स दहा वर्षांचा असताना या भावांनी वर दिलेली यादी जमवून मृत आईला परत आणण्याचा प्रयत्न केला. एडवर्डचा डावा पाय गेला. अल्फोन्सचे संपूर्ण शरीर गेले. निदान त्याचा आत्मा तरी राहावा म्हणून एडवर्डने उजवा हात देऊन तो एका पोकळ चिलखतात बांधून घेतला. बदल्यात हाती जे आले, ते आई नव्हते. पुढची सारी मालिका म्हणजे गमावलेले परत मिळविण्याची या दोघांची धडपड आहे.

‘जादूच्या गोष्टीत काय, काहीही घडते’, असा शेरा घरातील वडीलधाऱ्यांकडून पुष्कळदा ऐकू येतो. मुले पडद्यासमोर बसलेली असतात आणि मागून जाता जाता हे वाक्य टाकले जाते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. काहीही घडू शकत असेल, तर पुढे काय होईल याची काळजी कोणी का करावी? अमेरिकन कादंबरीकार ब्रँडन सँडरसन यांनी २००७ मध्ये एका लेखात ही गोष्ट नियमाच्या रूपात मांडली. जादूच्या बळावर कथेतील पेच सोडविण्याचा लेखकाचा अधिकार वाचकाला ती जादू किती समजली आहे, त्या प्रमाणातच असतो, असा त्याचा आशय. पेढीच्या भाषेत बोलावयाचे तर ही पतमर्यादा झाली. प्रेक्षक आपला विश्वास आगाऊ देतो. लेखकाने तो मंजूर रकमेच्या बाहेर उचलू नये. गँडाल्फसारख्या जादूगाराचे सामर्थ्य कोठेच उलगडून सांगितलेले नाही, तरी तेथे बिघडत नाही, कारण ती अंगठी अखेर दोन छोट्या माणसांनाच पायी चालत न्यावी लागते.

महाभारत जाणणाऱ्या समाजाला यात नवीन वाटू नये. इंद्राने कर्णाला दिलेली शक्ती अमोघ, पण एकदाच वापरता येणारी. ती त्याने अर्जुनासाठी राखून ठेवली होती आणि रात्रीच्या युद्धात घटोत्कचावर खर्ची घालावी लागली. १९८८ ते १९९० या काळात रविवारी सकाळी दूरदर्शनसमोर बसलेल्या घरांनी तो प्रसंग पाहिला, तेव्हा ‘एकदाच’ या शब्दाने जे साधले, ते त्या अस्त्राच्या तेजाने साधले नसते.

नियम पाळला आणि मोडला तर काय होते, याचा नमुना एकाच कथेच्या दोन रूपांत पाहावयास मिळतो. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ ही अमेरिकन मालिका २००५ ते २००८ या काळात ६१ भागांत झाली. जल, पृथ्वी, अग्नी आणि वायू ही तत्त्वे वळविणारे चार समाज तिच्यात आहेत, आणि प्रत्येकाच्या हालचाली एकेका चिनी युद्धकलेवरून घेतल्या आहेत. जल वळविणाऱ्यांचे बळ पौर्णिमेला वाढते. खग्रास सूर्यग्रहणात अग्निवाल्यांची शक्ती आठ मिनिटे नाहीशी होते. नायकाचा पक्ष ही आठ मिनिटे साधून राजधानीवर चालून जातो आणि फसतो, कारण ग्रहणाची वेळ शत्रूलाही ठाऊक असते. नियम दोन्ही पक्षांना सारखा लागू असल्यामुळेच ही हार प्रेक्षकाला पटते.

याच मालिकेत पृथ्वी वळविणाऱ्या कैद्यांना भर समुद्रात, संपूर्ण धातूच्या बंदिशाळेत ठेवले आहे. तेथे मातीचा कणही नाही. मग जहाजावर जाळण्यासाठी आणलेला कोळसा हीही पृथ्वीच, हे ध्यानात येते आणि सुटका होते. २०१० मध्ये एम. नाइट श्यामलन यांनी या कथेचा चित्रपट केला. त्यात हेच कैदी मोकळ्या जमिनीवर, मातीदगडांच्या मध्ये बसविले आहेत, आणि तुमच्या पायाखाली माती आहे याची आठवण नायकाला त्यांना करून द्यावी लागते. किल्ली आत ठेवून तिजोरीला कुलूप लावावे आणि वर पहारा बसवावा, त्यातला हा प्रकार. चित्रपटात इतरही दोष आहेत, पण एवढ्या एका प्रसंगावरूनच प्रेक्षकाने त्याचे खाते बंद केले असते.

मूळ मालिकेचा शेवट मात्र अधिक अवघड प्रश्न उभा करतो. बारा वर्षांचा नायक आंग वायुसमाजातील भिक्षूंनी वाढविलेला, शाकाहारी, जीव न घेण्याच्या शिकवणुकीत मुरलेला. जगाच्या रक्षणासाठी त्याने अग्निराज ओझाईला ठार करावे, अशी सर्वांची अपेक्षा आहे. तो आपल्या पूर्वजन्मांना सल्ला विचारतो. त्याच्याच परंपरेतील यांगचेनही सांगते की, जगाचे कर्तव्य स्वतःच्या आत्मिक शुद्धीपेक्षा मोठे आहे. मुलगा तरीही तयार होत नाही. आणि अशा वेळी बेटाएवढे एक प्राचीन कासव त्याला एक नवीच विद्या देते, जिच्यामुळे शत्रूला न मारता त्याची शक्ती काढून घेता येते.

अहिंसा हा ज्या घरांत रोजच्या ताटापर्यंत पोहोचलेला विषय आहे, तेथे हा शेवट पाहून समाधान वाटणे स्वाभाविक आहे. पण समाधान आणि हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या विद्येची किंमत आहे हे खरे: दुसऱ्याची शक्ती वळविणाऱ्याचा स्वतःचा आत्मा डळमळला तर तोच नष्ट होतो, आणि आंग त्या कड्यापर्यंत जाऊन येतो. तक्रार किमतीची नाही, तारखेची आहे. ३१ मार्चच्या संध्याकाळी उघडलेल्या खात्यात एवढी मोठी रक्कम जमा झाली, तर कोणताही हिशेबतपासनीस भिंगातून पाहील. मुलाने न मारण्याचे व्रत सर्वांच्या विरोधात जपले, हे त्याचे मोठेपण. त्याला ते जपणे लेखकांनी अखेरच्या क्षणी सोपे करून दिले, हे त्यांचे उणे.

एल्रिक बंधूंच्या कथेत असे खाते कोठे उघडले जात नाही. उलट तेथे प्रत्येक संशयास्पद नोंद पकडली जाते. त्या भोंदू गुरूचे चमत्कार पाहताच एडवर्डच्या मनात येते की, इतके कमी घालून इतके जास्त कसे निघते? चमत्काराने न दिपता आधी आवक-जावक पाहावी, ही त्याची वृत्ती कोणत्याही जुन्या मुनिमाला आवडेल. सरकारी किमयागारांवर बंधने तीनच: माणूस घडवू नये, सोने घडवू नये, लष्कराची आज्ञा मोडू नये. सोन्यावरील बंदीचे कारण सराफाला समजावून सांगण्याची गरज नाही. एडवर्ड ती एकदा मोडतो. कोळशाच्या खाणीचे गाव पिळणाऱ्या एका अधिकाऱ्याला तो खाणीतल्या टाकाऊ दगडांच्या सोन्याच्या विटा करून देतो, मालकीचे दस्तऐवज घेतो, आणि हस्तांतर विनामोबदला, राजीखुशीने झाल्याचे त्याच्याकडून लिहूनही घेतो. मग तेच दस्तऐवज तो खाणकामगारांना एका रात्रीच्या मुक्कामाच्या नि जेवणाच्या खर्चात विकतो. विटांचे पुन्हा दगड होतात.

परीस मात्र नियमाला खरोखरच बगल देतो. तो हाती असला की मोबदला न देता काहीही घडविता येते, आणि गमावलेली शरीरे परत मिळविण्यासाठी दोघे भाऊ त्याच्याच शोधात असतात. त्याची कृती एका डॉक्टरने स्वयंपाकाच्या पुस्तकाच्या सांकेतिक भाषेत लपवून ठेवली आहे. कित्येक दिवस खपून भाऊ ती उलगडतात, तेव्हा कळते की त्यातला मुख्य जिन्नस म्हणजे जिवंत माणसे. फुकट काही निघालेच नव्हते. रक्कम दुसऱ्याच्या नावे टाकलेली होती, इतकेच. त्या क्षणी दोघे फरशीवर हतबुद्ध होऊन बसतात, आणि पुढे साठ भागांपर्यंत कितीही संकटे आली तरी त्या मार्गाने शरीर परत घ्यावयाचे नाही, हा त्यांचा निश्चय टिकतो. शेवटी वडील आपला उरलासुरला जीव देऊ करतात, तोही एडवर्ड नाकारतो.

मग द्यावयाचे काय? एडवर्ड जमिनीवर अखेरचे वर्तुळ काढतो आणि भावाच्या शरीराच्या बदल्यात स्वतःची किमयाविद्याच देऊन टाकतो. ज्या एका गुणामुळे तो असामान्य होता, तो गुण. ही किंमत त्याच्याजवळ पहिल्या भागापासून होती. प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर होती. ती मोजता येईल, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नव्हते. लहानपणी त्याने आईचे मोल लिटर आणि ग्रॅममध्ये काढले होते. आता तो वजन न करता देतो.

नंतर तो एक साधा तरुण होऊन रेल्वे फलाटावर उभा दिसतो. त्याचा कृत्रिम पाय तयार करणारी बालमैत्रीण विन्री निरोप द्यायला आलेली असते. लाजत, अडखळत तो तिच्यासमोर जुन्याच भाषेत प्रस्ताव ठेवतो: माझे अर्धे आयुष्य तुला देतो, तुझे अर्धे मला दे. समान मोबदला. तिला या हिशेबी बोलण्याचा राग येतो. अर्धे कशाला, सगळेच देते, असे ती म्हणून बसते. मग लगेच सावध होऊन घासाघीस करू लागते आणि शेवटी पंच्याऐंशी टक्क्यांवर येऊन थांबते. एडवर्ड पोट धरून हसतो. गाडी सुटायची वेळ झालेली असते.