ऐयारांना मांत्रिक कोणी केले?

'चंद्रकांता' हे नाव उच्चारताच आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पिढीच्या ओठांवर हटकून एकच शब्द येतो : 'यक्कू'! भुवया उंचावून, मान वेळावून क्रूरसिंहाच्या तोंडी वारंवार येणारा हा उद्गार १९९४ ते १९९६ या काळात दर रविवारी सकाळी देशभरातील घराघरांत घुमला. अखिलेंद्र मिश्र या गुणी अभिनेत्याच्या कामाला त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु ज्या ग्रंथाने लक्षावधी वाचक घडविले, त्या ग्रंथाची ओळख पुढील पिढीपाशी केवळ खलनायकाच्या एका लकबीपुरती उरावी, ही गोष्ट कौतुकाने हसून सोडून देण्याजोगी आहे काय? प्रस्तुत लेखक देवकीनंदन खत्री यांच्या कादंबऱ्यांचा निस्सीम भोक्ता आहे. दूरदर्शनवरील ती मालिकाही त्याने एकही भाग न चुकविता पाहिली आहे. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट शब्दांत देणे त्याला आवश्यक वाटते.

काशीच्या जंगलातून आलेली कथा

देवकीनंदन खत्री (१८६१-१९१३) हे मूळचे बिहारचे, पण त्यांची कर्मभूमी काशी. काशीनरेशांकडून त्यांना चकिया आणि नौगड परिसरातील जंगलांचा ठेका मिळाला होता. त्या निमित्ताने विंध्याच्या दऱ्याखोऱ्यांत, पडक्या किल्ल्यांत आणि ओसाड इमारतींत त्यांची भरपूर भटकंती झाली. पुढे ठेका गेला, पण पाहिलेले अवशेष मनातून गेले नाहीत. त्यांतूनच १८८८च्या सुमारास 'चंद्रकांता' प्रकाशात आली. नौगडचा राजपुत्र वीरेंद्रसिंह, विजयगडची राजकन्या चंद्रकांता, तिच्यावर डोळा ठेवून राज्यद्रोहाला प्रवृत्त झालेला दिवाणपुत्र क्रूरसिंह आणि त्याला आश्रय देणारा चुनारचा शिवदत्त, अशी ही कथा. चुनारचा किल्ला आजही मिर्झापूर जिल्ह्यात गंगेच्या काठी उभा आहे. विजयगड सोनभद्र जिल्ह्यात आहे, तर नौगड चंदौली जिल्ह्यात. कल्पनेचा हा प्रासाद लेखकाने आपल्याच पायाखालच्या भूमीवर उभारला होता.

चार भागांच्या 'चंद्रकांता'नंतर चोवीस भागांची 'चंद्रकांता संतति' आली. त्यापुढची 'भूतनाथ' ही कादंबरी अपुरी ठेवून खत्रींनी देह ठेवला. ती त्यांचे सुपुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी पूर्ण केली. केवळ उर्दू लिपी जाणणाऱ्या कित्येकांनी ही पुस्तके वाचता यावीत म्हणून देवनागरी अक्षरे गिरविली. आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी १९२९च्या आपल्या हिंदी साहित्येतिहासात या कादंबऱ्यांना उच्च साहित्याच्या पंक्तीत बसविले नाही. पण हिंदीला खत्रींइतके वाचक अन्य कोणी मिळवून दिले नाहीत, हे त्यांनीही मोकळेपणाने मान्य केले. एखाद्या भाषेसाठी याहून मोठी सेवा कोणती?

यंत्र की मंत्र?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. 'ऐयार' आणि 'तिलिस्म' हे दोन्ही शब्द खत्रींनी अरबी-फारसी वळणाच्या दास्तानांतून घेतले, हे प्रांजळपणे सांगितलेच पाहिजे. लखनौच्या नवलकिशोर मुद्रणालयातून 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे प्रचंड उर्दू खंड १८८३पासून प्रसिद्ध होऊ लागले होते. त्या दास्तानांतील तिलिस्म जादूगारांनी निर्मिलेले असते. तेथे मंत्र, टोणे आणि मायावी राक्षस यांचेच राज्य चालते. खत्रींनी तो साचा घेतला, पण त्यातील जादू काढून टाकली आणि तिच्या जागी कारागीर बसविला. त्यांचे तिलिस्म म्हणजे पूर्वजांचा खजिना योग्य वारसाच्या हाती पडेपर्यंत सुरक्षित राहावा म्हणून कळी, झडपा, भुयारे आणि गुप्त दारे यांनी रचलेली वास्तू. तेथील दगडी बगळा समोर येणाऱ्याला गिळतो, पण तो कोणाच्या शापामुळे नव्हे. त्यामागे कुशल शिल्पकाराने बसविलेली यंत्रणा असते.

त्यांचे ऐयारही तसेच. ऐयार म्हणजे राजाच्या पदरी असलेला हेर, बहुरूपी, वैद्य आणि मुत्सद्दी यांचा संगम. त्याच्या बटव्यात बेशुद्धीची पूड असते, शुद्धीवर आणणारा लखलखा असतो, रंग आणि दाढीमिशा असतात आणि कमरेला भिंत चढण्याची दोरी असते. मंत्राची पोथी तेवढी नसते! सैन्याचे रक्त न सांडता राजाराजांतील कलह बुद्धीच्या बळावर मिटविणे हे त्याचे ब्रीद. तेजसिंह हरतो तेव्हा त्याची काहीतरी चूक झालेली असते आणि जिंकतो तेव्हा त्याने काहीतरी शोधून काढलेले असते. चंद्रकांतेची सखी चपला ही तर त्या काळातील कादंबरीत विरळा आढळणारी स्त्री. ती रडत बसत नाही; वेष पालटून शत्रूच्या गोटात शिरते आणि भल्याभल्या ऐयारांना चकविते.

सर्वांत मोठी गंमत शेवटी येते. ज्या योगिराजाच्या अद्भुत ज्ञानापुढे राजेमहाराजे हात जोडतात, तो कोणी सिद्धपुरुष नसून तेजसिंहाचे वडील जीतसिंह असल्याचे उघड होते. रानात अकस्मात प्रकट होणारी गूढ वनकन्या ही प्रत्यक्ष चंद्रकांताच निघते. दाढी, जटा आणि भगवी कफनी पाहून भारावून जाऊ नये, आधी डोळे उघडे ठेवावेत, हा धडा १८८८च्या सुमारास काशीतील एक आस्तिक लेखक आपल्या वाचकांना हसतखेळत देत होता. श्रद्धेचा उपहास न करता भोळेपणावर इतका नेमका आघात आपल्याकडील किती पुरोगाम्यांना साधला आहे?

पडद्यावर काय झाले?

आणि नीरजा गुलेरी यांच्या मालिकेने काय केले? आरंभीचे भाग पाहून हुरळून जावे अशीच परिस्थिती होती. भव्य नेपथ्य, घोडदौड, पंकज धीर यांचा रुबाबदार शिवदत्त, बद्रीनाथाच्या भूमिकेतील तरुण इरफान खान यांचे बोलके डोळे. मोठा खटाटोप मांडला होता, यात शंका नाही. पण पाहता पाहता कथेची दोरी सुटली. कळींच्या जागी चमत्कार आले. बटव्यातील पुडीचे काम बोटांतून निघणाऱ्या विजेने करावयास प्रारंभ केला. खत्रींच्या चार भागांत जिचा मागमूस नाही अशी नागीण अवतरली. वर्षा उसगांवकर यांच्यासारख्या समर्थ अभिनेत्रीला नागीण रूपमती होऊन वावरावे लागले. कोण कोणाचा जुळा, कोण मेला आणि कोण परतला, याचा हिशेब ठेवणे प्रेक्षकाला अशक्य झाले. तो ठेवण्याची तसदी पटकथेनेही घेतल्याचे दिसत नाही.

या घसरणीचे कारण गूढ नाही. १९९२मध्ये 'झी' वाहिनी सुरू झाली आणि दूरदर्शनची मक्तेदारी मोडू लागली. प्रायोजित मालिकेचे अर्थकारणच असे, की लोकप्रिय कथा जितके आठवडे चालेल तितके जाहिरातींचे उत्पन्न. खत्रींची रहस्ये उलगडत जाणारी आहेत आणि उलगडलेले रहस्य संपते. जादूला मात्र अंत नसतो. एक चमत्कार शिळा झाला की दुसरा आणावा, एवढाच उद्योग उरतो. म्हणून ऐयारांना मांत्रिक केले गेले. त्यामागे मूळ ग्रंथाचे नवे आकलन वगैरे काही नव्हते. होता तो केवळ व्यापार.

तीन सबबी

असे म्हटले की तीन उत्तरे ठरलेली असतात. पहिले : 'लोकांना आवडले ना?' आवडले, हे खरेच. पण खत्रींची पुस्तके त्यापूर्वी शतकभर लोकांना आवडतच होती, तीही जादूविना. मग लोकांच्या आवडीचा हवाला देऊन लोकांना प्रिय असलेलेच तत्त्व काढून टाकणे हा कोणता न्याय?

दुसरे उत्तर : 'अहो, मुळातच कल्पित कथा, तिच्यात कळ काय नि जादू काय!' हा युक्तिवाद वरकरणी चतुर आहे, पण तो अद्भुतकथेचा प्राणच जाणत नाही. अद्भुताचेही नियम असतात. नायक कशाने अडेल आणि कशाने सुटेल हे ठाऊक असते, म्हणून तर वाचक श्वास रोखून धरतो. जेथे काहीही घडू शकते तेथे कशाचीच उत्कंठा उरत नाही. 'हे कसे झाले?' असे विचारणाऱ्या मुलाला पुस्तक सांगते, 'थांब, चार पाने पुढे जा, कळेल.' मालिका सांगते, 'विचारू नकोस, जादू आहे.' दोन्ही उत्तरे मनावर संस्कार करतात. कोणता संस्कार आपल्या घरात व्हावा, हा प्रश्न करमणुकीपुरता मर्यादित नाही.

तिसरे उत्तर : 'दूरचित्रवाणी हे निराळे माध्यम आहे.' आहेच. पण त्याच दूरदर्शनवर १९८५मध्ये रामानंद सागर यांनी 'विक्रम और बेताल' सादर केले. साधने तुटपुंजी होती, तंत्र बाळबोध होते. तरीही प्रत्येक कथेच्या अखेरीस वेताळाने विचारायचा प्रश्न आणि विक्रमाने द्यायचे न्याय्य उत्तर यांना त्यांनी धक्का लावला नाही. कथासरित्सागराच्या परंपरेतील त्या कथांचे मर्म नेमके त्या प्रश्नात आहे, याचे भान त्यांना होते. १९९१-९२मध्ये डॉ. चंद्रप्रकाश द्विवेदी यांच्या 'चाणक्य'ने अभ्यास आणि लोकप्रियता या परस्परविरोधी गोष्टी नाहीत, हे दाखवून दिले. तेव्हा दोष माध्यमाचा नव्हे, वृत्तीचा आहे.

त्याच चुकीची पुनरावृत्ती

बरे, ही चूक एकदाच झाली असती तर तिला काळाचा दोष म्हणता आले असते. पण २०११मध्ये 'सहारा वन'वर 'कहानी चंद्रकांता की' आली आणि २०१७मध्ये तर दोन वाहिन्यांवर दोन 'चंद्रकांता' अवतरल्या. त्यांपैकी 'कलर्स'वरील मालिकेचे उपशीर्षकच होते, 'एक मायावी प्रेमगाथा'! ज्या लेखकाने मायेचे बुरखे फाडून आतील कळ दाखविली, त्याच्याच नायिकेच्या कपाळी 'मायावी' ही पाटी लागावी, यापेक्षा मोठी विटंबना कोणती? त्या लेखकाचा वारसा सांगावयाचा, त्याच्या नायिकेचे नाव विकावयाचे आणि त्याचे पुस्तक मात्र मिटूनच ठेवावयाचे, असा हा व्यवहार आहे.

परदेशातील वाचक काय करतो, तेही पाहण्यासारखे आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या अद्भुत कादंबऱ्यांवर आधारलेली 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका २०११ ते २०१९ या काळात जगभर गाजली. तीतील हिंसा आणि उघडीवाघडी दृश्ये आपल्या घरात नकोत, हे निराळे. पण मार्टिन यांची पुढील पुस्तके आली नाहीत, मालिका पुस्तकांच्या पुढे धावली आणि २०१९मध्ये अखेरचा हंगाम घाईघाईने गुंडाळला गेला, तेव्हा दहा लाखांहून अधिक चाहत्यांनी तो पुन्हा बनवावा अशा मागणीपत्रावर नावे नोंदविली. मालिका पुन्हा बनली नाही. पण कथेवर आपलाही अधिकार आहे, असे त्या वाचकाने ठणकावून सांगितले. आपण काय केले? आपण 'यक्कू'ची नक्कल केली.

उत्तरदायित्व आपलेही

निर्मात्यांना चार शब्द सुनावून आपले कर्तव्य संपत नाही. अद्भुतकथेला पोरखेळ समजण्याची सवय प्रथम आपल्या विद्वानांनी लावली. मराठीतही निराळे काय घडले? लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ची. मराठी कादंबरीचा उष:काल ज्यांनी पाहिला, त्या या अद्भुतरम्य कृती आज परीक्षेतील टिपांपुरत्या उरल्या आहेत. आपल्या संपत्तीला आपणच अडगळ म्हटले, मग ती अडगळ कोणीही उचलून हवी तशी रंगविली तर तक्रार कोणत्या तोंडाने करावी? आपल्या मुलांच्या हाती 'हॅरी पॉटर'चे जाडजूड खंड आपण हौसेने दिले. त्यात गैर काही नाही. ती पुस्तके सुरसच आहेत. पण चुनारच्या तिलिस्माचा पत्ताच त्या मुलांना नसावा, हे मात्र गैर आहे.

उपाय अवघड नाही. 'चंद्रकांता'वर आता कोणाचा स्वामित्वहक्क नाही. तिच्या स्वस्त आवृत्त्या सहज मिळतात. लिपी आपलीच, देवनागरी. हिंदी सुबोध आणि ओघवती आहे. दहावीतील मराठी मुलाला ती अडणार नाही. येत्या सुटीत घरात रोज एक प्रकरण मोठ्याने वाचावे. मुलांनी 'पुढे काय?' असे विचारले की पुस्तक मिटावे आणि उत्तर त्यांनाच शोधावयास सांगावे. तेजसिंह कोठे फसला, चपलेने कोणती खूण ओळखली, योगिराजाचे पितळ कोठे उघडे पडू शकले असते, यावर जेवणाच्या ताटावर वाद होऊ द्यावा.

असे वाद घालणारी मुले उद्या प्रेक्षक होतील. पुढची 'चंद्रकांता' कोण्या वाहिनीवर येईल तेव्हा बोटांतून वीज काढणारा ऐयार पाहून ती टाळ्या पिटणार नाहीत. 'याच्या बटव्यात काय आहे ते दाखवा' असे ती म्हणतील. निर्मात्याला बदलण्यास भाग पाडणारी शक्ती तीच एक आहे, आणि ती कोणत्याही वाहिनीच्या हाती नसून आपल्या घरातील वाचनाच्या त्या अर्ध्या तासात आहे.