औषधावरचे औषध

क्षयाचे दुखणे घरात लपविले जाते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. मुलगी लग्नाची असली तर शेजाऱ्यांनाच काय, घरच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही दाद लागू दिली जात नाही. प्रचलित औषधांना न जुमानणाऱ्या क्षयात मात्र हे मौन रोग्याच्या जिवाशी खेळते.

या क्षयासाठी बेडाक्विलीन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांचा सुमारे सहा महिन्यांचा उपचार आपल्या देशात 2024 मध्ये मान्य झाला. दीड-दोन वर्षे चालणारे आणि इंजेक्शनांनी कित्येकांची श्रवणशक्ती हिरावून घेणारे जुने उपचार ज्यांनी पाहिले, त्यांना या सुधारणेचे मोल सांगावयास नको. पण ही औषधे मानी पाहुण्यांसारखी आहेत. पंक्तीला आणखी कोण बसणार, हे आधी ठरवावे लागते.

लिनेझोलिडमुळे काही रोग्यांचे रक्त कमी होते. मुलगी पांढरीफटक दिसू लागली की कोणी तरी मायेने लोहाचे टॉनिक आणते. पोटात जळजळ झाली की आम्लपित्तावरचे पातळ औषध येते. टॉनिकातील लोह आणि त्या पातळ औषधातील ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम मॉक्सिफ्लॉक्सासिनला आतड्यातच जखडून टाकतात. गोळी नेमाने गिळली जाते, रक्तात मात्र अपुरी उतरते, आणि अपुऱ्या औषधाशी झुंजताना जंतू अधिकच निर्ढावतात. म्हणून ही गोळी अशा औषधांच्या निदान 4 तास आधी घ्यावयाची असते. हे घरात कोणी सांगावे? ज्याला सांगता आले असते, त्याच्यापासूनच तर आजार लपविलेला!

ओकारीचे प्रकरण याहून गंभीर. बेडाक्विलीन व मॉक्सिफ्लॉक्सासिन दोन्ही हृदयाच्या विद्युत्-लयीवर परिणाम करतात. त्यासाठीच मधूनमधून हृदयाचा आलेख काढतात. त्यात कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली डॉमपेरिडोन किंवा ऑन्डान्सेट्रॉनची गोळी, अथवा खोकल्यासाठी दिलेले ॲझिथ्रोमायसिन मिळाले, तर भार वाढतो. क्वचित ठोके बिघडून प्राणावर बेतते. प्रदीर्घ आजाराने मन खचले म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी उदासीनतेवरची गोळी दिली, तर तिच्या अनेक प्रकारांचे लिनेझोलिडशी जमत नाही. कंप सुटतो, ताप चढतो, रोगी बेचैन होतो. त्या डॉक्टरांना दोष कसा द्यावा? त्यांच्यापुढे पहिली बाटली कोणी ठेवलीच नव्हती.

घरात पूर्वी कोणाला साधा क्षय झाला असेल, तर त्याच्या उरलेल्या रिफाम्पिसिनच्या गोळ्या ‘जोडीला असू द्या’ म्हणून देणारे शहाणेही भेटतात. रिफाम्पिसिन यकृताला असे चेतविते की बेडाक्विलीनचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येते.

सुट्टीत किंवा लग्नकार्यास महाराष्ट्रात आप्तांकडे जाताना उपचाराचे कार्ड ट्रंकेच्या तळाशी दडवू नका. वाटेत ताप आला, तर परक्या गावच्या डॉक्टरांपुढे प्रथम तेच ठेवा. बेडाक्विलीन शेवटच्या गोळीनंतरही महिनोन् महिने अंगात रेंगाळते. तोवर ते कार्ड फाडू नये.