पुराची बंदिस्त आकृती

उघडी आणि बंदिस्त आकृती फळ्यावर वर्तुळ अन् नागमोडी रेघ काढून उरकली जाते. सातारा-सांगलीच्या मुलांना ती कृष्णेच्या नकाशावर शिकवावी. उघड्या आकृतीला आत-बाहेर नसते, कुठून तरी वाट निघते. बंदिस्त आकृतीतून रेघ ओलांडल्याशिवाय सुटका नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-येरळेच्या संगमाजवळच्या ब्रह्मनाळला पाण्याची कड अशीच चहूबाजूंनी जुळली. ती ओलांडताना बोट उलटली, माणसे बुडाली. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, हे सर्वांना पाठ असते. पण आपल्या गावाचा शेवटचा रस्ता किती फुटांना बुडतो? तो आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवायला हवा. कोयनेतून सोडलेले पाणी सांगलीला पोहोचायला बरेच तास लागतात. माणसे, गुरे हलवायची ती तेव्हाच.