कॅमेरा विमानातून खाली उतरवा

अणुबॉम्बवरचे गाजलेले सिनेमे बॉम्ब टाकणाऱ्याच्या बाजूने उभे राहतात, ही उघड लबाडी आहे. १९५२च्या ‘अबव्ह अँड बियॉन्ड’मध्ये वैमानिक पॉल टिबेट्सची घालमेल दिसते, बायकोशी आलेला दुरावा दिसतो, हिरोशिमातली माणसं मात्र पडद्याबाहेर. २०२३च्या ‘ओपनहायमर’मध्येही हिरोशिमा नाहीच. त्यावर आपल्याकडे गदारोळ झाला तो कशावरून? शय्यादृश्यातल्या गीतेवरून! भाजून मेलेल्या माणसांसाठी कुणाच्याच भावना दुखावल्या नाहीत. याची शरम वाटायला हवी.

टिबेट्सने विमानाला आपल्या आईचं नाव दिलं, ‘एनोला गे’. ६ ऑगस्ट १९४५ला हिरोशिमावर बॉम्ब टाकताना त्यात बारा जण होते. वर्षअखेरीपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० माणसं दगावली. पन्नास वर्षांनी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने हे विमान बळींच्या कहाणीसह मांडायचं ठरवलं, तेव्हा माजी सैनिकांच्या संघटनांनी आणि राजकारण्यांनी बेत हाणून पाडला. विमान राहिलं, मेलेली माणसं वगळली गेली.

आनंद पटवर्धन यांनी ‘जंग और अमन’ या माहितीपटात कॅमेरा जमिनीवर आणला. हिरोशिमातून वाचलेली माणसं, १९९८च्या पोखरण स्फोटांनंतरचा जल्लोष, लाहोरच्या शाळकरी मुली, जादुगोडाच्या युरेनियम खाणीशेजारचे आदिवासी, सगळं त्यात दिसतं. सेन्सॉर मंडळाने कात्री काढली. २००३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एकही कट न करता तो दाखवायची मुभा दिली, तरी आमच्या हिंगोली जिल्ह्यात तो किती जणांपर्यंत पोचला?

‘आपल्या पुसेगावला अणुबॉम्बचं काय?’ असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, पोखरणजवळचं खेतोलाई म्हणजे काय महानगर आहे? पोखरणच्या स्फोटांचे हादरे ज्या घरांनी सोसले, ती आपल्यासारख्याच गावातली घरं होती. युरेनियम निघतं तेही खेड्यांच्याच जमिनीतून. बॉम्बचा अभिमान दिल्ली मिरवते आणि किंमत खेडी मोजतात. म्हणून हा प्रश्न हळद-सोयाबीन पिकवणाऱ्या माणसाचाही आहे.

पंधरा ऑगस्टला मुलांना युद्धपट दाखवणाऱ्या शाळांनी सहा ऑगस्टला ‘जंग और अमन’ दाखवावा, पुसेगावपासून सुरुवात करावी. आपलं राष्ट्र शूर आहे हे मुलांना जरूर शिकवा. पण कुणाच्या मरणावर टाळी वाजवायची नसते, हे आधी शिकवा.