विमा घेताना कंपनीची पत पाहा

देवळाली प्रवरात किंवा राहुरी फॅक्टरीवर गॅरेज, वेल्डिंग, शिलाई, गादीकाम वा फळांचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांना पेन्शन नाही. घरातला कमावता माणूस गेला की दुकानाचे शटर खाली येते. म्हणून अनेक जण आयुर्विमा घेतात. तो शरीअतीच्या दृष्टीने घ्यावा की नाही, हे ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. ज्यांनी घ्यायचे ठरविले आहे, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

आपण पॉलिसी घेताना एजंट कोणाचा कोण, हे पाहतो. कंपनीची पत पाहत नाही. दोऱ्याचे रीळ घेताना धागा ओढून पाहणारा कारागीर वीस वर्षांचे हप्ते मात्र डोळे मिटून भरतो. हे बदलले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

1956 मध्ये 245 विमा कंपन्या व संस्था एकत्र करून एलआयसी स्थापन झाली. तिच्या कायद्याच्या कलम 37 नुसार विमा रक्कम व बोनसला केंद्र सरकारची हमी आहे. 2000 पासून आलेल्या खासगी कंपन्यांना ती नाही. त्यांच्यावर आयआरडीएआय या नियामकाची देखरेख असते. सहारा इंडिया लाइफवर 2017 मध्ये नियामकाने प्रशासक नेमला. 2023 मध्ये तिच्या पॉलिसी एसबीआय लाइफकडे सोपविण्याचा आदेश निघाला आणि तो वाद अपिलात गेला. अशा वेळी हप्ते भरणाऱ्याच्या जिवाला घोर लागतो.

एजंट 'एएए' दर्जा दाखवील. क्रिसिल, इक्रा, केअर या संस्था असा दर्जा देतात. पण तो पुष्कळदा कंपनीच्या कर्जरोख्यांचा असतो. तुमच्या वारसाचा दावा मंजूर होईल, असा त्याचा अर्थ नव्हे. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते.

त्यापेक्षा दोन आकडे मागा. पहिला, सॉल्व्हन्सी रेशो. सर्व देणी वजा जाता कंपनीकडे उरणारी मालमत्ता नियमाने ठरविलेल्या रकमेच्या किमान दीडपट, म्हणजे हा आकडा 1.5 हवा. एका वर्षाचा नको, तीन वर्षांचा पाहा. घसरत असेल तर सावध व्हा.

दुसरा, दावे मंजुरीचे प्रमाण. शंभरातील 98 दावे दिले, हे ऐकायला बरे वाटते. पण नाकारलेले दोनच सर्वांत मोठे असतील तर? म्हणून दाव्यांच्या संख्येबरोबर रकमेचेही प्रमाण विचारा. हे आकडे आयआरडीएआयच्या वार्षिक अहवालात मिळतात.

मात्र कंपनी कितीही भक्कम असो, अर्जात साखर, रक्तदाब किंवा तंबाखू लपविली तर दावा अडतो. अर्ज एजंटावर सोडू नका. वाचून घ्या, मगच सही करा. तीन वर्षे उलटल्यावर कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, हे कलम 45 चे संरक्षण आहे. पण मौत तीन वर्षे थांबेलच असे नाही.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. तेथे फी नाही, वकीलही लागत नाही.

आपल्या मोहल्ल्यातील शिकलेल्या मुलांनी वडीलधाऱ्यांना हे आकडे काढून द्यावेत. तासाभराचे काम आहे. त्यावर एका घराची वीस वर्षांची कमाई अवलंबून आहे.