इंजिन खोलण्याआधी त्याची परीक्षा करावी

यवतमाळ जिल्ह्यातील काळी, भारी जमीन पेरणीस फार थोडा अवधी देते. पाऊस उघडून वाफसा आला, की तो जाण्यापूर्वी कपाशी, तूर व सोयाबीनची पेरणी आटोपावी लागते. अशा वेळी जुना ट्रॅक्टर धूर ओकू लागला, की मालक धास्तावतो व सरळ इंजिन खोलण्यास संमती देतो. ही घाई पुष्कळदा नुकसानीची ठरते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पेट घेतो. म्हणून हवा, डिझेल व दाब यांपैकी काय उणे आहे, हे प्रथम ठरवावे. काळा धूर बहुधा हवा अपुरी किंवा भार जादा असल्याची खूण होय. उन्हाळी नांगरटीच्या धुळीने एअर क्लिनर तुंबला असल्यास तो स्वच्छ करावा व त्याच्या वाटीत खुणेइतकेच नवे तेल भरावे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिल्यास डिझेलमधील पाणी, कमी दाब किंवा हेड गॅस्केट यांचा संशय घ्यावा. निळसर धूर म्हणजे ऑईल जळत आहे. तेथे पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा संभव असतो. टाकी रिकामी झाल्यानंतर इंजिन सुरू होत नसेल, तर नळीत हवा शिरलेली असते. हातपंप मारून बुडबुडे थांबेपर्यंत ती काढावी.

मिस्त्री आलाच आहे, तर सारे काम उरकावे, असे काहीजण म्हणतात. पेरणीच्या तोंडावर हा हिशेब तोट्याचा आहे. जुन्या यंत्राचे सुटे भाग वेळेवर मिळतीलच असे नाही. पिंजोरच्या एच.एम.टी. कारखान्यात १९७१ मध्ये ट्रॅक्टर तयार होऊ लागले. २०१६ मध्ये तो विभाग बंद करण्याचा निर्णय झाला. अशा ट्रॅक्टरच्या मालकाने तर विनाकारण इंजिन खोलूच नये.

मात्र इंजेक्टर व डिझेल पंपाचे काम मिस्त्रीकडेच सोपवावे. इंजेक्टरचा फवारा कातडीत शिरून गंभीर इजा करतो.

पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणशक्ती तपासा, असा आग्रह गावोगावचे कार्यकर्ते धरतात. तोच आग्रह त्यांनी ट्रॅक्टरविषयीही धरावा. ही परीक्षा मे महिन्यातच व्हावी. म्हणजे वाफशाचा दिवस दुरुस्तीत जाणार नाही.